बिनमोल बैठक

मनुष्याच्या गरजांची गणना करावयास कोणी बसले, तर अन्न, वस्त्र आणि निवारा ही तीन नावे प्रथम पुढे येतात. चौथे नाव सहसा कोणी घेत नाही; कारण ती गरज इतकी साधी आहे की, ती भागत असते तोवर ती गरज आहे हेच ध्यानात येत नाही. घराबाहेर पडलेल्या माणसास वाटेत कोठे तरी घटकाभर टेकावयास जागा लागते. बाजारातून पिशवी घेऊन परतणाऱ्या वृद्धेस ती लागते, ओझे उतरवून घाम पुसणाऱ्या हमालास लागते, गर्भवतीस लागते, आणि ज्यास काहीच काम नाही, पण घरी करमत नाही, अशा निवृत्त मनुष्यासही लागते. पैसे मोजल्यास अशी जागा कोठेही मिळते. प्रश्न आहे तो पैसे न मोजता मिळणाऱ्या जागेचा. ही बिनमोल बैठक शहरांतून हळूहळू नाहीशी होत आली आहे. ती कशी आली, तिच्यासाठी एकदा केवढा कल्लोळ झाला, आणि पुढे ती कोणताही कल्लोळ न होता कशी गेली, याचा इतिहास मनोरंजक आहे तितकाच विचार करावयास लावणारा आहे.

महाराष्ट्रातील जुन्या गावरचनेने ही गरज ओळखली होती. वडाच्या किंवा पिंपळाच्या बुंध्याभोवती दगडी पार बांधावा, देवळास ओवऱ्या असाव्यात, घराच्या दर्शनी बाजूस ओटा काढावा, ही रीत सर्वत्र दिसत असे. ओटा घरमालकाचा खरा. पण उन्हातून आलेला वाटसरू त्यावर बसला, तर त्यास ऊठ म्हणणे हे घराच्या अब्रूस शोभत नसे. मात्र पार सर्वांस सारखाच मोकळा होता असे म्हणणे ही इतिहासाशी प्रतारणा होईल. अस्पृश्य गणलेल्या समाजास गावच्या पारावर किंवा देवळाच्या ओवरीत बसण्याची मुभा नव्हती, आणि चार पुरुष जमलेल्या पारावर स्त्रियांनी जाऊन बसावे, असाही प्रघात नव्हता. तेव्हा बैठकीविषयी दोन प्रश्न मुळापासूनच आहेत. तेथे कोणी बसावयाचे, हा पहिला. आणि त्याचे मोल काय द्यावयाचे, हा दुसरा. पुढील सर्व हकीकत या दोन प्रश्नांभोवतीच फिरते.

हे दोन प्रश्न युरोपातील नगरांसही फार जुन्या काळापासून पडलेले आहेत. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या एका वेशीबाहेर मामिया नामक पुजारिणीचे स्मारक उकरून काढलेले आहे. हे स्मारक म्हणजे एक अर्धवर्तुळाकार, ऐसपैस दगडी बाक आहे. समाधीची जागा नगरसभेच्या ठरावाने दिली गेली, असा लेख त्यावर कोरलेला आहे. मृताचे स्मरण ठेवावयाचे, तर जिवंत वाटसरूस विसावा द्यावा, ही त्यामागील कल्पना. जर्मन कवी गटे इ. स. १७८७ मध्ये तेथे गेला, तेव्हा त्यासही या बाकाने मोहित केले होते. पुढे पंधराव्या शतकात फ्लॉरेन्स येथील सावकारांनी वाडे बांधले, तेव्हा रस्त्याकडील भिंतीच्या पायथ्याशी दगडी बाकांची रांग ठेवण्याचा प्रघात पडला. १४४४ मध्ये सुरू झालेल्या मेदिची घराण्याच्या वाड्यास असे बाक आहेत, आणि १४८९ मध्ये आरंभलेल्या स्त्रोत्सी वाड्यासही आहेत. यात निव्वळ परोपकार होता असे नाही. दारी माणसे बसलेली दिसावीत, त्यात धन्याचा मोठेपणा दिसतो, हाही हिशोब होताच. तथापि हिशोब कोणताही असो, थकलेल्या माणसास बाक मिळत असे, आणि त्याचे मोल कोणी मागत नसे.

मोल मागण्याची पद्धत मोठ्या बागा लोकांस खुल्या झाल्यावर पडली. पॅरिस येथील तुइलेरी आणि लक्झेंबुर्ग या राजघराण्याच्या बागा. त्या खुल्या झाल्यानंतर तेथे खुर्च्या भाड्याने मिळू लागल्या. खुर्ची हवी तेथे ओढून बसावे आणि हाती तिकिटे घेऊन फिरणाऱ्या बाईस काही नाणी द्यावीत, अशी ही रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू होती. पण त्याच पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओस्मान या प्रशासकाने रुंद रस्ते पाडले, तेव्हा गाब्रिएल दाव्हिऊ या वास्तुशिल्पज्ञाने आखलेले लाकडी फळ्यांचे, दोहों बाजूंस बसता येईल असे बाक त्या रस्त्यांवर ओळीने ठेवण्यात आले. त्यांवर बसावयास पैसे पडत नसत. म्हणजे एकाच नगरात भाड्याची खुर्ची आणि फुकटचा बाक अशी दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी नांदत होती. लंडनच्या बागांतही खुर्च्या भाड्याने देण्याची चाल होती. जोवर फुकटचा बाक जागच्या जागी होता, तोवर भाड्याच्या खुर्चीविषयी कोणी विशेष तक्रार केली नाही. हे बारकाव्याने ध्यानात ठेवावयास हवे. कारण पुढे न्यूयॉर्कमध्ये जे घडले, त्याचे मूळ येथेच आहे.

सन १९०१ च्या उन्हाळ्यात ऑस्कर स्पेट नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या उद्यान-आयुक्तांपुढे एक योजना मांडली. सेंट्रल पार्क, मॅडिसन स्क्वेअर वगैरे सार्वजनिक बागांत उत्तम खुर्च्या मांडाव्यात, बसणाऱ्यांकडून चांगल्या खुर्चीस ५ सेंट आणि साध्या खुर्चीस ३ सेंट घ्यावेत, आणि या मक्त्याबद्दल नगरपालिकेस वर्षास ५०० डॉलर द्यावेत, असा तो बेत होता. लंडन आणि पॅरिस येथे ही चाल आहे, मग न्यूयॉर्कने मागे का राहावे, हे त्याचे म्हणणे. आयुक्त जॉर्ज क्लॉसन यांस त्यात काही वावगे दिसले नाही. त्यांनी मक्ता दिला. जून महिन्यात खुर्च्या आल्या, आणि पैसे गोळा करणारे गणवेशधारी नोकरही त्यांपाठोपाठ आले.

योजना कागदावर निरुपद्रवी होती. पण दोन गोष्टी मक्तेदाराच्या विरुद्ध गेल्या. पहिली म्हणजे ऋतू. जूनच्या अखेरीस आणि जुलैच्या आरंभी त्या वर्षी न्यूयॉर्कवर उष्णतेची अशी लाट आली की, तिने शेकडो माणसांचा बळी घेतला. कोंदट चाळींत राहणारे मजूर आणि त्यांची बायकामुले श्वास घेण्यास बागांकडे धावू लागली. दुसरी गोष्ट म्हणजे सावली. लोक बागेत येऊन पाहतात, तो झाडांखालचे नेहमीचे फुकटचे बाक सावलीतून सरकवलेले, आणि सावलीत मक्तेदाराच्या खुर्च्या मांडलेल्या. ज्यास ५ सेंट देणे जड, त्याने उन्हात बसावे, असाच याचा अर्थ झाला. ५ सेंट म्हणजे त्या काळी ट्रॅमगाडीचे एका फेरीचे भाडे. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबातील चारपाच माणसे एकदम आली, तर त्यांस ते परवडणारे नव्हते.

मग जे व्हावयाचे ते झाले. खुर्चीवर बसावयाचे आणि पैसे द्यावयाचे नाहीत, असा लोकांनी सपाटा लावला. नोकर खुर्ची हिसकावू लागले, की गर्दी जमे, आरडाओरडा होई. वर्तमानपत्रांनी हा विषय उचलून धरला. मॅडिसन स्क्वेअरमध्ये जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात गोष्ट हातघाईवर आली. खुर्च्या उलथल्या गेल्या, नोकरांस पळता भुई थोडी झाली आणि पोलिसांस मध्ये पडावे लागले. आयुक्तांनी लोकमताचा रोख पाहून त्याच महिन्यात मक्ता रद्द केला. मक्तेदाराने न्यायालयाची पायरी चढून पाहिली. परंतु भाड्याच्या खुर्च्या अखेर बागांतून उठल्याच. खुर्चीच्या ५ सेंटांसाठी अमेरिकेतील सर्वांत मोठ्या शहराचे रस्ते खवळले, हे आजच्या श्रोत्यास नवलाचे वाटेल. पण भांडण ५ सेंटांचे नव्हते. बाग सर्वांच्या पैशाने राखलेली, मग तिच्या सावलीवर एकाने दर का लावावा, हा तो प्रश्न होता. आणि तो विचारण्यासाठी समोर एक माणूस होता, एक आयुक्त होता, आणि एक करारपत्र होते. ज्यास जाब विचारता येतो, त्याच्याशीच भांडता येते.

सेंट्रल पार्कमध्ये या खुर्च्या ज्या रुंद, एल्म वृक्षांनी आच्छादलेल्या वाटेवर मांडल्या होत्या, तिचे नाव 'मॉल' असे आहे. या शब्दाचा प्रवास मोठा विलक्षण आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये 'पॅल मॅल' नावाचा, लाकडी हातोड्याने चेंडू टोलविण्याचा खेळ प्रचारात होता. लंडनच्या सेंट जेम्स उद्यानातील ज्या लांब वाटेवर तो खेळत, तिला 'मॉल' म्हणू लागले. खेळ मागे पडला, पण नाव उरले. आणि झाडांच्या सावलीतील, सर्वांनी हिंडावे फिरावे अशी वाट, असा त्या शब्दाचा अर्थ झाला. आज मॉल म्हटले की चार भिंतींच्या आतील वातानुकूलित बाजार डोळ्यांपुढे येतो. खुली वाट बंदिस्त कशी झाली, हे समजण्यासाठी व्हिक्टर ग्रुएन या वास्तुशिल्पज्ञाचे चरित्र पाहिले पाहिजे.

ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा. १९०३ साली जन्मलेला. नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर १९३८ मध्ये त्याने अमेरिकेचा रस्ता धरला. व्हिएन्नाच्या चौकांत आणि कॉफीगृहांत तासन् तास बसून राहण्याची सवय असलेल्या या मनुष्यास अमेरिकेतील नवी उपनगरे उजाड वाटली. माणसे मोटारीतून दुकानाशी उतरतात आणि परत मोटारीत बसतात. चार माणसांनी सहज भेटावे, असे ठिकाणच नाही. यावर उपाय म्हणून त्याने अशा बाजाराची कल्पना मांडली की, ज्याच्या मध्यभागी चौक असेल, बाक असतील, झाडे असतील, आणि लोक केवळ खरेदीसाठी नव्हे, तर बसण्याबोलण्यासाठी येतील. मिनेसोटा राज्यातील एडायना येथे ८ ऑक्टोबर १९५६ रोजी 'साउथडेल' हा त्याचा बाजार उघडला. ७२ दुकाने, वर छप्पर, बारा महिने सारखीच हवा, मध्ये झाडे, पाण्याची कारंजी, पक्ष्यांचा मोठा पिंजरा आणि बसावयास जागा. अमेरिकेतील पुढील सर्व बंदिस्त मॉलांचा हा मूळपुरुष. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ग्रुएनने या बाजारांचे नाते थेट प्राचीन ग्रीकांच्या नगरचौकाशी जोडले.

परंतु ग्रीकांचा चौक नगराचा होता आणि साउथडेल एका व्यापारी घराण्याचे होते. सारा फरक येथेच पडला. ग्रुएनच्या आराखड्यात बाजाराभोवती घरे, शाळा, दवाखाना आणि उद्यान होते. मालकांनी त्यातून बाजार तेवढा उचलला, कारण उत्पन्न तेवढ्यानेच येते. पुढे जागोजाग निघालेल्या मॉलांत मध्यवर्ती चौकही आखडत गेला. प्रत्येक चौरस फुटास भाडे येऊ शकते, हे कळल्यावर बाकाने अडवलेली जागा मालकाच्या डोळ्यांत खुपू लागली. जेथे बाक होता, तेथे चष्म्यांची, घड्याळांची किंवा मिठाईची टपरी आली. बसलेला मनुष्य चालत नाही. चालत नाही म्हणून दुकानांपुढून जात नाही. आणि दुकानापुढून जात नाही तो खरेदी करीत नाही, असे हे तर्कशास्त्र आहे. बैठक मग फराळाच्या दालनात गेली, आणि तेथे मात्र हातात खाद्यपदार्थाचे ताट असावे लागते. ग्रुएन उत्तरायुष्यात व्हिएन्नास परतला, आणि १९७८ च्या सुमारास आपल्या या मानसपुत्रांचे पितृत्वच त्याने जाहीरपणे नाकारले. १९८० मध्ये तो वारला.

मॉल खासगी असला, तरी लोक त्यास चौकच समजत. मग तेथे लोकांचा हक्क किती, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे वारंवार आला. १९४६ मध्ये अलाबामा राज्यातील एका कंपनीच्या मालकीच्या गावाविषयी निकाल देताना न्यायालयाने म्हटले होते की, मालक आपली जागा लोकांस जितकी खुली करील, तितका त्याचा अधिकार लोकांच्या हक्कांनी मर्यादित होईल. हे तत्त्व मॉलासही लागू पडेल, अशी आशा होती. १९६८ मध्ये ती काही अंशी फळासही आली. परंतु १९७२ मध्ये पोर्टलंड येथील लॉइड सेंटरच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी मालकाचा पक्ष उचलला गेला, आणि १९७६ मध्ये १९६८ चा निकाल निकालात निघाला. १९८० च्या प्रूनयार्ड खटल्यात एवढेच ठरले की, एखाद्या राज्याने आपल्या घटनेने लोकांस अधिक हक्क दिल्यास त्यास हरकत नाही. वाद बहुतेक पत्रके वाटण्याचा किंवा निदर्शनाचा होता, बाकाचा नव्हता. पण ज्यास मॉलमध्ये बोलण्याचा हक्क नाही, त्यास बसण्याचा तरी कोठून असणार? तो तेथे पाहुणा ठरला, आणि पाहुण्यास यजमानाने दाखविलेल्या जागीच बसावे लागते.

दरम्यान न्यूयॉर्कने एक निराळाच सौदा करून पाहिला. १९५८ मध्ये पार्क ॲव्हेन्यूवर सीग्रॅम कंपनीची गगनचुंबी इमारत उभी राहिली. तिच्यापुढे मोकळे प्रांगण सोडलेले होते. त्याच्या कडेचे दगडी कठडे बसण्यासाठी बांधलेले नव्हते, पण दुपारच्या सुटीत कारकून आणि टंकलेखिका त्यांवर डबे घेऊन बसू लागल्या. हे पाहून नगरपालिकेने १९६१ च्या इमारत-नियमांत तरतूद केली की, जो बांधणारा लोकांसाठी असे प्रांगण सोडील, त्यास दाट भागात सोडलेल्या दर चौरस फुटास १० चौरस फूट जादा बांधकाम करू द्यावे. बांधणाऱ्यांनी सौदा आनंदाने पत्करला. प्रांगणे भराभर निघाली, मजले वर चढले. फक्त नियमात एक शब्द राहून गेला होता. तेथे बसावयास जागा असलीच पाहिजे, असे कोठेच लिहिलेले नव्हते.

ही चूक विल्यम व्हाइट या लेखकाने उघडकीस आणली. १९७० नंतर त्याने आपल्या तरुण सहकाऱ्यांसह चित्रणयंत्रे लावून प्रांगणांतील माणसे मोजावयास सुरुवात केली. काही प्रांगणे गजबजलेली आणि काही शेजारचीच ओसाड, असे का? ऊन, सौंदर्य, आकार, विस्तार असे सर्व तर्क तपासून झाले. निष्पन्न झाले ते एखाद्या शाळकरी मुलासही सांगता आले असते: जेथे बसावयास जागा असते, तेथे माणसे बसतात. त्याने हेही नोंदविले की, कित्येक मालकांनी कठड्यांवर लोखंडी टोके आणि अडसर मुद्दाम बसविले होते, जेणेकरून कोणी टेकू नये. १९७५ मध्ये नगरपालिकेने नियम सुधारला आणि दर ३० चौरस फूट प्रांगणामागे एक फूट लांबीची बैठक सक्तीची केली. बैठकीची उंची आणि रुंदीही ठरवून दिली. व्हाइटचे या विषयावरील पुस्तक १९८० मध्ये निघाले. सार्वजनिक सौख्य हे सद्भावनेवर सोडून चालत नाही, ते फूटपट्टीने मोजून कायद्यात लिहावे लागते, हा त्याच्या उद्योगाचा धडा होय.

लिहूनही सर्व कार्य साधत नाही. २००० साली जेरल्ड केडन या अभ्यासकाने या सौद्यातून निघालेल्या जागांची मोजदाद प्रसिद्ध केली. ३२० इमारतींच्या पोटी ५०३ जागा. त्यांपैकी शेकडा ४१ नाममात्र उपयोगाच्या, आणि सुमारे निम्म्या इमारतींत नियमांचा कोणता ना कोणता भंग. जादा मजले कायमचे पदरात पडले होते. बाक तेवढे जागचे हलले होते. फिफ्थ ॲव्हेन्यूवरील १९८३ साली खुल्या झालेल्या ट्रम्प टॉवरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जादा मजल्यांच्या मोबदल्यात तेथील तळदालन लोकांसाठी खुले ठेवावयाचे होते, आणि त्यात २२ फूट लांबीचा संगमरवरी बाक ठेवावयाचा होता. तो बाक नाहीसा झाला आणि त्या जागी वस्तू विकण्याचे टेबल आले. वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला, नगरपालिकेने १०,००० डॉलर दंड ठोठावला, आणि २०१६ मध्ये बाक परत आला. १९०१ मध्ये बाक सावलीतून उन्हात हलला, तेव्हा शहर खवळले होते. येथे तो सबंध नाहीसा झाला, तरी तो लोकांचा होता हे त्यावर बसणाऱ्यांपैकी बहुतेकांस ठाऊकही नव्हते.

अलीकडे या कलेत आणखी प्रगती झाली आहे. बाक काढून टाकण्याऐवजी तो बसण्यास गैरसोयीचा करावयाचा, ही ती युक्ती. मध्ये लोखंडी हात बसवून निजणे अशक्य करावे, किंवा बैठक उतरती ठेवावी. लंडनच्या कॅम्डन विभागाने २०१२ मध्ये काँक्रीटचा एक तिरकस बाक बसविला. त्यावर फार वेळ बसवत नाही आणि आडवे तर पडताच येत नाही. तो या प्रकाराचा नमुना म्हणून जगभर ओळखला जातो. २०१४ मध्ये त्याच शहरात एका इमारतीच्या दारापुढे बेघरांनी निजू नये म्हणून लोखंडी खुंट्या बसविल्या गेल्या. लोकांनी आरडाओरडा केल्यावर त्या काढाव्या लागल्या. मुंबईतही २०१८ मध्ये फोर्ट भागात एका बँकेच्या शाखेबाहेरील पायरीवर अणकुचीदार सळया बसविल्या गेल्या आणि लोकांच्या संतापानंतर त्या उपटल्या गेल्या. आणि न्यूयॉर्कमध्ये १ जानेवारी २०२१ रोजी मोयनिहन हे भव्य रेल्वेदालन उघडले, तेव्हा त्याच्या काचेच्या छताखालील मुख्य दालनात सर्वसामान्यांस बसावयास एकही बाक ठेवलेला नव्हता. तिकीट असलेल्यांसाठी स्वतंत्र कक्ष होता; बाकीच्यांनी उभे राहावे किंवा जमिनीवर बसावे. रेल्वेची वाट पाहण्याच्या दालनातून बाक गेला, यावरून काळाची चाल कळून येते.

या सर्वांचे समर्थन करणारे अगदीच निराधार बोलतात असेही नव्हे. बाक ठेवला की त्यावर मद्यपी निजतात, टवाळ पोरे ठाण मांडतात, ओसरी मिळताच लोक हातपाय पसरतात, अशी त्यांची तक्रार असते. तीत तथ्य आहे. परंतु एका निजणाऱ्यास उठविण्यासाठी शंभर बसणाऱ्यांस उभे ठेवावयाचे, हा न्याय कोणता? बेघर मनुष्यास घर नाही हे दुखणे बाक काढल्याने बरे होत नाही. ते फक्त दुसऱ्या गल्लीत जाते. व्हाइटने तर उलटेच पाहिले होते. जेथे भरपूर आणि चांगली बैठक असते, तेथे सर्व तऱ्हेची माणसे येतात, आणि गर्दीच त्या जागेची राखण करते. न्यूयॉर्कमधील ब्रायंट पार्क हे उद्यान एके काळी गर्दुल्यांचा अड्डा म्हणून बदनाम होते. व्हाइटच्या सल्ल्यास अनुसरून ते सुधारून १९९२ मध्ये पुन्हा खुले झाले, तेव्हा तेथे हव्या तशा हलविता येतील अशा शेकडो सुट्या खुर्च्या मांडल्या गेल्या. त्यांस भाडे नव्हते. ज्या शहराने १९०१ मध्ये खुर्च्या उलथल्या होत्या, त्याच शहरात खुर्च्यांनी एक उद्यान वाचविले.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर या प्रश्नाची मुळे मुंबईच्या गिरणगावात सापडतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर कापडगिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करावयाचे, असा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ठरविले की, या जमिनीचा विकास करावयाचा तर ढोबळ मानाने एक तृतीयांश महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहबांधणीसाठी द्यावा आणि उरलेला मालकाने ठेवावा. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. हिस्सा सबंध जमिनीचा नव्हे, तर तिच्यावरील रिकाम्या तुकड्यापुरताच मोजावा, असे ठरले. आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लोकांच्या वाट्याची जमीन अर्थातच आक्रसली. फिनिक्स मिलसारख्या ठिकाणी चिमण्यांच्या सावलीत मॉल उभे राहिले. त्यांत गारवा आहे, झगमगाट आहे. परंतु गिरणी-कामगाराची म्हातारी विधवा आज त्या आवारात शिरली, तर तिला तिष्ठत राहावे लागेल, किंवा चहाच्या पेल्याएवढे मोल देऊन खुर्ची विकत घ्यावी लागेल. तिच्या हक्काचे उद्यान नकाशावरच राहिले. त्यासाठी कोणी खुर्ची उलथली नाही, कारण उलथावयास खुर्चीच नव्हती.

बैठक दोन रीतींनी जाते, असे या इतिहासावरून दिसते. तिच्यावर दर लावला, की लोकांस ते दिसते, ते चिडतात, आणि बहुधा जिंकतात. पण ती गुपचूप काढून घेतली, किंवा मुळात ठेवलीच नाही, तर तिची उणीव ज्यास भासते तो गुडघे चोळीत पुढे चालू लागतो आणि वय झाले, असे म्हणून स्वतःसच दोष देतो. दुसरी रीत पहिलीहून अधिक घातक आहे. तिजवर उपाय एकच. शहराच्या आराखड्यावर हरकती मागविल्या जातात, तेव्हा रस्ते किती आणि मोटारींस जागा किती, यांबरोबरच बाक किती, हाही प्रश्न कोणी तरी विचारावयास हवा. आणि उत्तर फुटांत मागावयास हवे.

मुंबईकरांपाशी या बाबतीत एक ठेवा अद्याप शिल्लक आहे. मरीन ड्राइव्हचा कठडा समुद्रास आवर घालण्यासाठी बांधला गेला. पण साडेतीन किलोमीटरांच्या आसपास लांबीचा तो कट्टा रोज सायंकाळी श्रीमंतास आणि भणंगास, एकट्यास आणि जोडप्यास सारखीच जागा देतो. आणि महाराष्ट्रात गावोगावच्या बागांत, बसथांब्यांवर, टेकडीच्या वाटेवर आणखी एक वस्तू दिसते. सिमेंटचा साधा बाक, आणि त्याच्या पाठीवर अमक्याच्या किंवा अमकीच्या स्मरणार्थ, असा रंगविलेला मजकूर. देणाऱ्याने एकदा पैसे मोजले आणि बसणाऱ्याने कधीच मोजावयाचे नाहीत, असा हा करार आहे. मामियाच्या दगडी बाकाचाच हा वंशज होय. जुन्या पारावर ज्यास बसू दिले जात नव्हते, तोही या बाकावर निःशंकपणे बसतो, आणि शेजारी कोण बसले आहे हे कोणी विचारीत नाही. पाराहून तो एवढ्यापुरता थोर आहे. रस्ता रुंद करताना असा एखादा बाक उखडला गेला, तर तो पुन्हा कोठे बसविला जाणार, एवढे विचारण्याची तसदी शेजारच्या घरांनी घेतली, तरी पुष्कळ झाले.